बेदाणा शीतगृहातील कॅमेरा यंत्रणा : जानेवारी ते एप्रिल २०२५ च्या कामाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

तासगाव तालुक्यातील एका बेदाणा शीतगृहाची आज पहिली पाहणी केली. सहा चेंबर, माल उतरवण्याचे दोन धक्के, एक वजनकाटा, प्रतवारीचा हॉल, अमोनियाची मशीनरूम आणि समोर मोठे आवार असा पसारा आहे. मार्चपासून नव्या बेदाण्याची आवक जोर धरते, त्यामुळे काम फेब्रुवारीअखेर उरकणे भाग आहे.

आठ कॅमेऱ्यांची जुनी यंत्रणा जागेवर आहे. त्यातले पाच चालू आहेत आणि त्या पाचांपैकी एकाचे तोंड रंगकामाच्या वेळी वळले असावे, कारण तो शेजारच्या गोदामाचा पत्रा टिपत बसला आहे. हे कोणाच्याच ध्यानात आले नव्हते, यावरून ही यंत्रणा किती वापरात होती ते कळते.

चोऱ्या थांबल्या पाहिजेत, अशी मालकांची मागणी आहे. गेल्या तीन वर्षांत चोऱ्या किती झाल्या, असे विचारल्यावर जनरेटरच्या डिझेलची एक चोरी सोडून दुसरी सांगता आली नाही. उलट ‘बॉक्स कमी भरले’, ‘वजनात तूट आली’, ‘माझ्या लॉटमध्ये दुसऱ्याचा माल मिसळला’ अशा तक्रारी हंगामात जवळजवळ दर आठवड्याला येतात आणि त्यातल्या बऱ्याच तक्रारींत शीतगृह गप्प बसून पदरचे पैसे भरते. खर्च चोरासाठी नव्हे, या वादांसाठी करायचा आहे, असे मी मालकांना सांगितले. त्यांनी विचार करायला दोन दिवस मागून घेतले.

९ जानेवारी

मालकांचा होकार आला. व्यवस्थापकांबरोबर बसून मालाचा प्रवास कागदावर काढला : फाटकावर गाडीची नोंद, काट्यावर भरलेल्या गाडीचे वजन, धक्क्यावर बॉक्सची मोजणी, चेंबरमध्ये थप्पी, पुन्हा काट्यावर रिकाम्या गाडीचे वजन, शेवटी शेतकऱ्याला पावती. जावकीला हाच प्रवास उलटा होतो. प्रत्येक टप्प्यावर एक कागद तयार होतो आणि प्रत्येक कॅमेऱ्यासमोर आम्ही एकच प्रश्न ठेवला : याचे चित्र कोणत्या कागदाला जोडायचे? ज्या जागेला उत्तर मिळाले नाही, ती जागा यादीतून काढली.

अशा रीतीने बत्तीस कॅमेऱ्यांची मूळ मागणी बावीसवर आली. फाटक २, काटा ४, धक्के ४, चेंबरची दारे ६, प्रतवारी हॉल २, मशीनरूम १, रोखीचे टेबल १ आणि आवार २. चेंबरच्या आत एकही कॅमेरा नाही. आत बहुतेक वेळ अंधार असतो, तापमान चार ते पाच अंशांवर ठेवलेले असते आणि थप्पीला थप्पी लागल्यावर कॅमेऱ्याला समोरच्या पुठ्ठ्याखेरीज काहीच दिसत नाही. माल आत जातो तो दारातूनच, तेव्हा दार पाहिले की पुरे.

१७ जानेवारी

संक्रांतीनंतर प्रत्यक्ष चाचणी घेतली. चित्रात नेमके काय ओळखू यायला हवे, हे ठरवण्यासाठी एक मीटर रुंदीत किती पिक्सेल मिळतात हे मोजतात. कॅमेरा यंत्रणांसाठीच्या आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत माणूस आहे एवढे कळायला मीटरमागे २५ पिक्सेल, ओळखीचा माणूस ओळखायला १२५, अनोळखी माणसाची ओळख पटवायला २५० आणि बारकाईने तपासायला १००० असे टप्पे दिलेले आहेत.

पहिला धक्का अठरा मीटर रुंद आहे. चार मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडवे २५६० पिक्सेल असतात, म्हणजे पूर्ण धक्का चौकटीत घेतला तर मीटरमागे १४२ पिक्सेल पडतात. तेवढ्यात कोणता हमाल कोणत्या गाडीवर आहे हे चांगले कळते, बॉक्सवर मार्करने लिहिलेला लॉट क्रमांक मात्र कळत नाही. तीन सेंटिमीटर उंचीचा आकडा तिथे जेमतेम चार पिक्सेलांत बसतो आणि पडद्यावर त्याचा काळा ठिपका होतो. चित्र कितीही मोठे केले तरी ठिपक्याचा आकडा होत नाही, हे मालकांच्या धाकट्या बंधूंना पटवायला अर्धा तास गेला. मालिकांमध्ये पोलीस एक बटण दाबून गाडीचा नंबर स्पष्ट करतात, तसे त्यांना हवे होते.

म्हणून प्रत्येक धक्क्यावर दोन कॅमेरे ठरले. एक संपूर्ण धक्का पाहील आणि दुसरा, जिथून प्रत्येक बॉक्स जातोच अशी मोजणीची फक्त अडीच मीटरची जागा पाहील. त्या चौकटीत मीटरमागे हजाराच्या थोडे वर पिक्सेल मिळतात आणि तोच आकडा तीस पिक्सेलांत उभा राहतो. आज एका रिकाम्या बॉक्सवर ‘२१७’ लिहून तो चालत्या हमालाच्या खांद्यावर दिला आणि पाहिले; आकडा वाचता आला. पाठीवर उलटा धरलेला बॉक्स अर्थातच वाचता येत नाही, म्हणून लॉट क्रमांक दोन बाजूंना लिहायचा, असा बदल कॅमेऱ्यात नव्हे तर कामाच्या पद्धतीत करावा लागेल.

गाडीचा नंबर यंत्राने आपोआप वाचावा, ही मागणी मी नाकारली. माल घेऊन येणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागे पाटी असतेच असे नाही, असली तर ती चिखलाने भरलेली असते आणि कित्येक जुन्या गाड्यांवर आकडे हाताने, देवनागरीत रंगवलेले असतात. काट्यावर गाडी उभीच असते. तिथला माणूस नंबर टाइप करील आणि त्याच क्षणी पुढचे व मागचे छायाचित्र वजनाच्या नोंदीला जोडले जाईल.

२४ जानेवारी

साठवणीचा हिशेब केला आणि या प्रकल्पातला खरा पेच हाच आहे, हे ध्यानात आले.

धक्क्याचे चार आणि काट्याचे दोन असे सहा कॅमेरे सेकंदाला चार मेगाबिटने आणि उरलेले सोळा दोन मेगाबिटने, चित्रण दाबून कमी जागेत बसवणाऱ्या एच.२६५ पद्धतीत, चित्रण करतील. एकूण ५६ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला ७ मेगाबाइट, म्हणजे दिवसाला सुमारे ६०५ गिगाबाइट. तीस दिवसांना सुमारे १८ टेराबाइट लागतात. आठ टेराबाइटच्या तीन डिस्क पुरतात. बहुतेक दुकाने, पेट्रोल पंप आणि कार्यालये तीस दिवसांवरच थांबतात आणि त्यांना ते चालून जाते, कारण त्यांचे वाद आठवड्याभरात वर येतात.

इथे तसे नाही. मार्चमध्ये ठेवलेला बेदाणा शेतकरी भाव पाहून गणपतीला, दिवाळीला किंवा त्याहूनही उशिरा सौद्याला काढतो. बॉक्स कमी असल्याचे त्या दिवशी कळते. मालावर तारण कर्ज असेल, तर बँकेचा माणूसही मधूनच थप्प्या मोजायला येतो. आठ महिन्यांनी प्रश्न उपस्थित होतो आणि ज्या दिवसाबद्दल तो आहे, त्या दिवसाचे चित्रण एप्रिलमध्येच पुसले गेलेले असते. जुनी यंत्रणा कोणी पाहत नव्हते, त्यामागे हेही एक कारण असणार. दोन-तीनदा पाहायला गेले, काही सापडले नाही, मग नाद सोडला.

सगळेच चित्रण आठ महिने ठेवायचे तर सुमारे १४५ टेराबाइट लागतील आणि तो खर्च या धंद्याला झेपणारा नाही. मग सगळे ठेवायचे कशाला? रात्री तीन वाजताच्या रिकाम्या धक्क्याचे चित्रण आठ महिने जपून कोणाचेही भले होणार नाही. एका लॉटची उतराई सरासरी चाळीस मिनिटे चालते. चार मेगाबिटने त्याचे १.२ गिगाबाइट होतात. धक्क्यावरचे दोन्ही कॅमेरे धरले तर २.४. हंगामात दीड हजार लॉट येतात असे धरले, तरी ३.६ टेराबाइटमध्ये संपूर्ण हंगामाची उतराई राहते. त्याच्या दोन प्रती ठेवल्या तरी दोन साध्या डिस्क पुरतात.

तेव्हा निर्णय असा : सर्वसाधारण चित्रण तीस दिवस, प्रत्येक लॉटच्या उतराईची आणि जावकीची फीत मात्र लॉट क्रमांकाच्या नावाने वेगळी काढून ठेवायची आणि तो लॉट शीतगृहात असेपर्यंत, अधिक हिशेब मिटल्यानंतर नव्वद दिवस, जपायची. चित्रणाचे आयुष्य डिस्कच्या आकारावरून ठरवण्याऐवजी मालाच्या मुक्कामावरून ठरवायचे. फीत काढण्याचे काम पावती करणारा लिपिकच करील. उतराई सुरू झाली की एक बटण आणि संपली की दुसरे, एवढेच त्याच्याकडे ठेवले आहे.

३ फेब्रुवारी

हमालांच्या टोळीशी आणि प्रतवारीच्या महिला कामगारांशी बैठक झाली. मालकांना ही बैठक अनावश्यक वाटत होती. मी आग्रह धरला, कारण ज्यांना कॅमेरा नको असतो ते तो फोडत नाहीत, नुसती त्याच्यासमोर थप्पी लावतात.

मुकादमांचे म्हणणे मोजके होते : “साहेब, बॉक्स मोजा, आमचा चहा मोजू नका.” चित्रण पाहून कोण किती वेळ बसला याचा हिशेब काढतील आणि उद्या हमालीच्या दरात ते पुढे करतील, ही त्यांची भीती होती. ती निराधार म्हणता येणार नाही. हॉलमधल्या कॅमेऱ्यांवरून बायकांचा हात किती वेगाने चालतो ते बघता येईल का, असे मला याच आवारात आधी विचारून झाले होते. प्रतवारीच्या बायकांनी कपडे बदलण्याच्या खोलीजवळचा कॅमेरा दाखवला. त्याचे तोंड आवाराकडे होते, पण दार उघडले की खोलीचा कोपरा चौकटीत येत होता. तो तिथल्या तिथे उतरवला. अशा जागेतले चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा ठरू शकतो आणि ‘आम्ही ते पाहत नव्हतो’ या खुलाशाला तिथे फारसा अर्थ उरत नाही.

लेखी ठरले ते असे. आवाजाचे ध्वनिमुद्रण कुठेही होणार नाही. विश्रांतीच्या शेडमध्ये आणि पाण्याच्या टाकीजवळ कॅमेरा नाही. हजेरी आणि हमाली यांच्यासाठी चित्रण वापरायचे नाही. मोडतोडीचा आळ आल्यास मुकादमांना ते चित्रण पाहण्याचा हक्क राहील. फलक मराठी, हिंदी आणि कन्नड अशा तीन भाषांत लावायचे, कारण हंगामात सीमेपलीकडच्या टोळ्याही येतात. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला असला तरी फेब्रुवारी २०२५ मध्ये तो लागू झालेला नव्हता. त्याच्या नियमांचा मसुदा ३ जानेवारीला प्रसिद्ध झाला. नोकरीच्या संदर्भात मालकाचे नुकसान टाळण्यासाठी संमतीशिवाय माहिती वापरण्याची सोय त्या कायद्यात आहे, पण तिच्यावर विसंबून फलक टाळणे मला योग्य वाटत नाही.

१० फेब्रुवारी

खरेदी. एका पुरवठादाराने बावीस कॅमेरे बाजारभावाच्या निम्म्यात देऊ केले. कारण उघड होते : ९ एप्रिल २०२५ पासून सरकारने ठरवलेल्या सुरक्षा चाचण्या पार केलेलेच कॅमेरे विकता येणार आहेत आणि जुना साठा त्याआधी खपवायचा आहे. आम्ही चाचणी झालेलेच घेतले. २०१६ मध्ये मिराई या घातक प्रणालीने जगभरातले लाखभराहून अधिक कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले ते कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणून; आणि आपल्याकडे आजही कित्येक दुकानांत पासवर्ड रेकॉर्डरच्याच पाठीवर चिकटवलेला सापडतो.

२१ फेब्रुवारी

तारा ओढून झाल्या. तांब्याच्या तारेवर कॅमेऱ्याचे जाळे शंभर मीटरपर्यंतच नीट चालते आणि दुसरा धक्का कार्यालयापासून १३० मीटरवर आहे, म्हणून दोन्ही इमारतींमध्ये फायबर टाकले. मशीनरूममध्ये वेगळीच अडचण निघाली : अमोनिया तांब्याला खातो. जुन्या कॅमेऱ्याचे जोड हिरवट पडून गेले होते. नवा कॅमेरा खोलीच्या बाहेर, काचेच्या झडपेतून आत पाहील असा बसवला.

२७ फेब्रुवारी

रात्रीची पाहणी. चेंबरच्या दारांना प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचे पडदे आहेत आणि कॅमेऱ्याचा अवरक्त प्रकाश त्यांवरून परत येऊन चित्र दुधाळ होते. कॅमेऱ्यांतला प्रकाश बंद करून दारांवर साधे एलईडी दिवे लावले. दार उघडल्यावर गार काचेवर बाहेरची वाफ धरते, म्हणून सहाही कॅमेरे दारापासून दोन मीटर मागे सरकवले. आवारातल्या कॅमेऱ्यावर पाखरे जमतात, पाखरांमागे कोळी येतात आणि जाळे हलले की रेकॉर्डर ‘हालचाल’ म्हणून घंटा वाजवतो; यावर आठवड्यातून एकदा काठीला फडके बांधून पुसण्याखेरीज दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

३ मार्च

वीज जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंत वीस-पंचवीस सेकंद जातात. रेकॉर्डर यूपीएसवर होता, धक्क्यावरचा स्विच (कॅमेऱ्यांच्या तारा एकत्र जोडणारी पेटी) नव्हता. त्यामुळे कॅमेरे पुन्हा उभे राहीपर्यंत दीड मिनिटाची भगदाडे पडत होती. स्विचलाही यूपीएस दिला.

१२ मार्च

पहिला वाद आला आणि त्यात माझी चूक उघडी पडली.

काल आलेल्या एका गाडीत ३२० बॉक्स होते, असे शेतकऱ्याचे म्हणणे, पावतीवर ३०८. काट्याच्या नोंदीप्रमाणे मालाचे निव्वळ वजन ४,९७० किलो. पंधरा किलोच्या बॉक्सला पुठ्ठ्यासह साडेपंधरा किलो धरले, तर ३२० चे ४,९६० होतात आणि ३०८ चे ४,७७४. म्हणजे वजन शेतकऱ्याच्या बाजूने होते. काटा पावतीवर ४ वाजून ५२ मिनिटे ही वेळ होती. ती वेळ लावून काट्याचे चित्रण काढले, तर काट्यावर दुसरीच गाडी उभी! शेतकरी माझ्या मागेच उभे होते. “ही माझी गाडी न्हवं,” एवढेच ते म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले.

सगळे कॅमेरे आणि रेकॉर्डर यांची घड्याळे मी राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जोडली होती. काट्याचा संगणक मात्र स्वतंत्र आहे, त्याच्या बॅटरीने मान टाकलेली आहे आणि तो सात मिनिटे पुढे धावत होता. चित्र कागदाला जोडायचे, असे जानेवारीपासून मी सगळ्यांना सांगत होतो आणि ज्या यंत्रातून कागद बाहेर पडतो त्याचेच घड्याळ पाहायला विसरलो.

सात मिनिटे मागे गेल्यावर गाडी सापडली. मग धक्क्याची फीत लावली. पहिले ३०८ बॉक्स सलग उतरले. त्यानंतर चहाची सुटी झाली. सुटीनंतर राहिलेले बारा बॉक्स मोजणीच्या चौकटीतून गेले, त्यांवरचा लॉट क्रमांक स्वच्छ वाचता येत होता. पण तोवर शेजारी दुसऱ्या लॉटची थप्पी सुरू झाली होती आणि बारा बॉक्स तिच्यात जाऊन बसले. चेंबर तीनमध्ये जाऊन थप्पी उघडली, बॉक्स मिळाले. त्या दुसऱ्या लॉटची पावती बारा बॉक्सनी जास्त झाली होती आणि त्याबद्दल कोणाचीही तक्रार आलेली नव्हती.

संध्याकाळी काट्याच्या संगणकाची बॅटरी बदलली आणि त्याची वेळ रेकॉर्डरशी जोडली. शिवाय काट्यावरील वजन थेट चित्रावर उमटेल अशी जोडणी केली, म्हणजे पुढे घड्याळ चुकले तरी आकड्यावरून गाडी सापडेल.

२६ मार्च

दारांवर बसवलेल्या संवेदकांचा, मुद्दाम न योजलेला उपयोग दिसू लागला आहे. दार दहा मिनिटांहून अधिक उघडे राहिले की सूचना येते. चेंबर पाचचे दार तीन दिवस सलग दुपारी जेवणाच्या सुटीत पस्तीस-चाळीस मिनिटे उघडे होते. बाहेर चाळिशीला टेकलेले ऊन, आत पाच अंश. ही सूचना चोरीपेक्षा वीजबिलात अधिक पैसे वाचवील, असा माझा अंदाज आहे.

५ एप्रिल

काल वळवाचा पाऊस, विजांसह. फायबरमधून वीज वाहत नाही, त्यामुळे दोन्ही इमारती सुखरूप राहिल्या. फाटकाच्या खांबावरचा कॅमेरा आणि त्याचा स्विच मात्र जळाला. तेवढ्या चाळीस मीटरसाठी मी तांब्याची तार वापरली होती आणि विद्युतदाब रोखणारे उपकरण खर्च वाचवण्यासाठी वगळले होते. नवा कॅमेरा माझ्या खर्चाने बसवला.

१५ एप्रिल

चित्रण बाहेर देण्याची पद्धत लिहून काढली. आतापर्यंत इथे पडद्यासमोर मोबाइल धरून चित्रीकरण करायचे आणि ते व्हॉट्सॲपवर पाठवायचे, अशी रीत होती. न्यायालयात त्याचा निभाव लागणे कठीण. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रणावर येऊन ठेपला होता. त्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितले की मूळ उपकरण हजर केले नसेल, तर प्रतीबरोबर प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्यातल्या प्रमाणपत्राच्या त्या तरतुदीच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ आले आहे. त्यातल्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात दोन भाग आहेत, एक उपकरण सांभाळणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि फायलीचे हॅश मूल्यही, म्हणजे फायलीवरून गणिताने काढलेली, तिच्या ठशासारखी अक्षर-अंकांची ओळही, लिहावी लागते. लॉटची फीत तयार होताच तिचे हॅश मूल्य नोंदवहीत उतरेल, अशी व्यवस्था केली आहे. फायलीत नंतर एक चौकट जरी बदलली तरी ते मूल्य जुळणार नाही.

चित्रण पाहण्याचा अधिकार तिघांनाच. मालकांच्या चिरंजीवांना सगळे कॅमेरे मोबाइलवर हवे होते. त्यांना फाटक, आवार आणि मशीनरूम एवढेच दिले आणि तेही सुरक्षित जोडणीतून. ते नाराज आहेत.

२२ एप्रिल

चित्रण पाहण्याच्या नोंदवहीत आज तिसरा अर्ज आला, तो मुकादमांचा. शनिवारी उतरवलेल्या एका लॉटमधले नऊ बॉक्स फुटले होते आणि त्यांची भरपाई टोळीच्या हमालीतून कापली जाणार होती. मुकादम आणि व्यवस्थापक दोघे पडद्यासमोर बसले. ताडपत्री सुटलेली गाडी धक्क्याला लागते, हमालाने हात लावण्याआधीच खालच्या थरातले पुठ्ठे भिजून पोटाला फुगलेले दिसतात. कपात रद्द झाली आणि गाडीवाल्याला पत्र गेले. मुकादमांनी नोंदवहीत सही केली, वेळ लिहिली आणि ती भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिली.

बाकी काम : चेंबर चारच्या दाराचा संवेदक अधूनमधून चुकीची सूचना देतो, तो बदलायचा आहे, कन्नड फलकावरची एक ओळ चुकली आहे, तीही दुरुस्त करून लावायची आहे.